अपुऱ्या दिवसांचे बाळ, प्राणवायू आणि दृष्टी

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या मेळाव्यात दरवर्षी शाळेचा निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे शिक्षण या विषयांवर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी आपले लक्ष मुलाच्या शाळाप्रवेशाच्या पुष्कळ आधीच्या एका दिवसाकडे वेधू इच्छितो. तो दिवस म्हणजे बाळाच्या जन्मानंतरचा तिसावा दिवस. प्रत्येक बाळाच्या बाबतीत नव्हे. जे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे जन्मले, त्या बाळाच्या बाबतीत. विशेषतः ज्याला रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवून प्राणवायू द्यावा लागला, त्याच्या बाबतीत. त्या दिवसापर्यंत त्याचे डोळे तज्ज्ञ डॉक्टरांनी आतून तपासले नाहीत, तर ते मूल कायमचे आंधळे होण्याचा धोका असतो. वेळेवर तपासले, तर बहुतेक मुलांची दृष्टी वाचते. मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे. परंतु या गोष्टीत डॉक्टरांइतकेच घरच्या माणसांचे काम आहे, म्हणून एका शिक्षकाने ती पालकांसमोर मांडावी असे मला वाटले.

प्रथम हा आजार काय आहे ते समजून घेऊ. आपल्या डोळ्याच्या आत मागील बाजूस एक नाजूक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. कॅमेऱ्यातील फिल्मवर चित्र उमटते, तसे या पटलावर बाहेरच्या वस्तूचे चित्र उमटते. या पटलाला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आईच्या पोटात साधारण सोळाव्या आठवड्यापासून वाढू लागतात. त्या मधून कडेकडे पसरत जातात आणि नऊ महिने पूर्ण होण्याच्या सुमारास कडेपर्यंत पोचतात. आता जे बाळ अठ्ठाविसाव्या किंवा तिसाव्या आठवड्यातच जन्मले, त्याच्या डोळ्यांतील हे काम अर्धवट राहिलेले असते. विहिरीचे पाणी पाटाने शेतात सोडले, पण पाट शेताच्या कडेपर्यंत खोदलाच गेला नाही, अशी त्याची स्थिती असते.

आईच्या पोटात बाळाच्या रक्तात प्राणवायूचे प्रमाण बाहेरच्या मानाने पुष्कळ कमी असते. जन्मानंतर ते एकदम वाढते. त्यात भर म्हणून नळीने जास्त प्राणवायू दिला गेला, तर अर्धवट वाढलेल्या वाहिन्यांची वाढ थांबते. काही आठवड्यांनी दृष्टिपटल मोठे होते, त्याची भूक वाढते आणि ते रक्त मागू लागते. मग शरीर घाईघाईने नव्या वाहिन्या तयार करते. पण त्या वाकड्यातिकड्या आणि कच्च्या असतात. त्यांतून रक्त पाझरते, व्रण तयार होतात, आणि ते व्रण आकसू लागले की दृष्टिपटल ओढले जाऊन आपल्या जागेवरून सुटते. एकदा ते पूर्ण सुटले की शस्त्रक्रियेनेही दृष्टी परत मिळण्याची आशा फार थोडी असते. या विकाराला डॉक्टर थोडक्यात आर.ओ.पी. म्हणतात. हे तीन अक्षरांचे नाव आपण सर्वांनी लक्षात ठेवावे, कारण रुग्णालयाच्या कागदावर ते असेच लिहिलेले असते.

या आजाराचा इतिहास विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. १९४२ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात थिओडोर टेरी नावाच्या नेत्रतज्ज्ञाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील या अंधत्वाचे वर्णन प्रथम केले. त्या काळी श्रीमंत देशांतील रुग्णालयांत नव्या पेट्या आल्या होत्या आणि अशक्त बाळाला भरपूर प्राणवायू देणे हेच उत्तम उपचार मानले जात असे. पुढील दहा-बारा वर्षांत जगातील सुमारे दहा हजार मुले या कारणाने आंधळी झाली. १९५० साली जन्मलेले अमेरिकेचे प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर हे त्यांपैकीच एक. चमत्कारिक बाब अशी, की जेथे उपचार अधिक चांगले, तेथेच अंधत्व अधिक आढळत होते.

१९५१ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट प्राणवायूकडे दाखवले. वॉशिंग्टनमध्ये डॉ. अर्नॉल पॅट्झ यांनी काही बाळांना जास्त आणि काहींना कमी प्राणवायू देऊन तुलना सुरू केली होती. तेव्हा काही परिचारिका रात्री गुपचूप कमी प्राणवायूच्या बाळांचा नळ वाढवून ठेवीत, कारण बाळाचा प्राणवायू कमी करणे हे त्यांना क्रूरपणाचे वाटे. त्यांची माया खरी होती, पण ती बाळाच्या हिताची नव्हती. पुढे अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी मिळून पाहणी केली आणि १९५४ साली निर्णय स्पष्ट झाला, की गरजेपेक्षा जास्त प्राणवायू बाळाच्या डोळ्यांना घातक आहे.

यानंतर दुसरी चूक झाली. सर्वत्र प्राणवायू एकदम कमी करण्यात आला. अंधत्व घटले, पण श्वासाच्या त्रासाने मरणारी बाळे वाढली आणि जी वाचली त्यांतील काहींच्या मेंदूला इजा झाली. म्हणजे प्राणवायू शत्रू नव्हे. तो औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. मिठाविना भाजी अळणी आणि मूठभर मिठाने ती खारट, हे आपल्या घरातील प्रत्येक स्त्री जाणते.

ही मात्रा मोजायची कशी? १९७४ साली जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी त्वचेला छिद्र न पाडता, केवळ प्रकाशाच्या साह्याने रक्तातील प्राणवायू मोजण्याचे तत्त्व मांडले. त्यातूनच आजचे पल्स ऑक्सिमीटर तयार झाले. कोरोनाच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत बोटाला लावायचे हे यंत्र आपल्या खेड्यापाड्यांतही पोचले. त्या वेळी आकडा जितका जास्त तितके बरे, हे आपल्या मनात बसले. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्राणवायू दिला जात असताना हा नियम लागू पडत नाही. अशा बाळाचा आकडा साधारण ९० ते ९५ यांच्या दरम्यान राखतात. नळी लावलेली असताना आकडा शंभराला टेकला, तर ती आनंदाची गोष्ट नसून प्राणवायू जास्त होत असल्याची खूण असू शकते. उलट आकडा फार खाली ठेवणेही धोक्याचे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत ८५ ते ८९ आकडा राखलेल्या बाळांत डोळ्यांचा गंभीर आजार कमी आढळला, पण मृत्यू जास्त झाले. मात्र नळी काढल्यावर बाळ साध्या हवेत स्वतःच्या बळाने श्वास घेत असेल आणि आकडा ९८ असेल, तर त्यात भिण्यासारखे काही नाही. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. सिलिंडरमधला प्राणवायू जवळजवळ शंभर टक्के शुद्ध असतो, म्हणून चांगल्या कक्षात तो हवेत मिसळून देण्याचे यंत्र असते आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की घंटा वाजते.

तेव्हा पालकहो, आपले बाळ पेटीत असेल तर डॉक्टरांना किंवा सिस्टरना नम्रपणे विचारावे, 'माझ्या बाळाचा प्राणवायूचा आकडा किती आहे? तो किती असावा?' विचारण्यात अपमान कोणाचाच नाही. पण स्वतः नळ फिरवू नये, नळी काढू नये आणि भीतीपोटी प्राणवायू नाकारू तर मुळीच नये. आधी जीव, मग दृष्टी. आणि आता दोन्ही राखता येतात.

हे सर्व नीट झाले तरी डोळ्यांची तपासणी टळत नाही, कारण प्राणवायूखेरीज जन्माचे कमी वजन, जंतुसंसर्ग, वजन नीट न वाढणे अशीही कारणे या आजारामागे असतात. २०२० साली आपल्या देशात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, असा जागतिक अंदाज आहे. पूर्वी यांतील फार लहान बाळे वाचतच नसत. 'सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही' असल्या समजुती त्या काळातल्या. आज ती वाचतात, ही अल्लाहची कृपा आणि विज्ञानाची कमाई. वाचलेल्या या बाळांची दृष्टीही राखणे हे त्यापुढचे काम आहे.

कोणत्या बाळाची तपासणी करावी, याचे नियम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ठरलेले आहेत. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्यानुसार ज्याचे जन्माचे वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी आहे, किंवा जे चौतीस आठवड्यांच्या आत जन्मले आहे, अशा प्रत्येक बाळाची तपासणी झाली पाहिजे. चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या बाळाला दीर्घकाळ प्राणवायू, जंतुसंसर्ग, रक्त चढवणे असे काही झाले असेल, तर त्याचीही झाली पाहिजे. श्रीमंत देशांत हा आजार मुख्यतः फारच लहान बाळांना होतो. आपल्याकडे थोड्या मोठ्या बाळांनाही होतो, म्हणून आपली मर्यादा अधिक सैल ठेवली आहे. पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हावी. बाळ अठ्ठावीस आठवड्यांपेक्षा लहान किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलके असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच व्हावी.

आता मी माझ्या पाहण्यातली एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एक गृहस्थ सहा वर्षांच्या मुलाचे नाव शाळेत घालण्यासाठी आले. मुलाला दिसत नव्हते. पिशवीत जन्माचा दाखला, लसीकरणाचे कार्ड आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद होता. कागदावर जन्माचे वजन १३०० ग्रॅम लिहिलेले होते. शेवटच्या ओळीत, इंग्रजीत, आर.ओ.पी. तपासणीसाठी अमुक तारखेला यावे, असे लिहून खाली रेघ ओढली होती. त्यांनी मला विचारले, 'सर, ह्यात काय लिहिलंय?' सहा वर्षे तो कागद घरात जपून ठेवलेला होता, आणि तो कोणी वाचून दाखवला नव्हता. बाळाची आई म्हणाली, 'तवा चाळीस दिवस झाले नव्हते, म्हणून बाहेर नेलं नाही. अन् डोळे तर चांगले दिसत होते.'

तिच्या या दोन वाक्यांचा आपण सर्वांनी विचार करावा.

डोळे चांगले दिसत होते, हे खरेच आहे. हा आजार बाहेरून दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडत नाही. बाहुलीत पांढरे दिसू लागते तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. म्हणून केवळ बाहेरून पाहून, बॅटरी मारून किंवा खुळखुळा हलवून पारख होत नाही. डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते आणि विशेष भिंगातून दृष्टिपटलाची कड पाहावी लागते. बाळ थोडे रडते, पण तपासणी काही मिनिटांत आटोपते. त्याआधी दूध केव्हा पाजावे, ते विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट चाळीस दिवसांची. आपल्या घरांत बाळंतिणीने आणि बाळाने चिल्ला पूर्ण होईपर्यंत उंबरठा ओलांडू नये, असा रिवाज आहे. बाळंतिणीला विश्रांती मिळावी, बाळाला वारा आणि गर्दी बाधू नये, हा त्यामागचा चांगला हेतू आहे. परंतु शरियतमध्ये चाळीस दिवसांचा संबंध बाळंतिणीच्या निफासशी आणि नमाज-रोज्याच्या सवलतीशी आहे. आजारी बाळाला हकीम-डॉक्टरकडे नेऊ नये, असे त्यात कोठेही नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मौलानासाहेबांना विचारावे. तिसावा दिवस चाळिसाव्याच्या आधी येतो, एवढा साधा हिशोब आहे. आई अशक्त असेल तर दादी, नानी किंवा वडिलांनी बाळाला उबदार गुंडाळून न्यावे. आईचे काढलेले दूध स्वच्छ वाटीत सोबत घ्यावे. पण तारीख चुकवू नये.

याच ओघात दोन सूचना. बाळाच्या डोळ्यांत सुरमा किंवा काजळ घालू नये. आणि तहनीक म्हणून मध किंवा खजूर चाटवण्याची सुन्नत अदा करायची असेल, तर अशा नाजूक बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. त्याच्यासाठी आईचे दूध हेच उत्तम. त्याने जंतुसंसर्ग कमी होतो, वजन वाढते आणि डोळ्यांच्या या आजाराचा धोकाही घटतो. आपल्या धर्मातही दोन वर्षांपर्यंत दूध पाजण्याची शिकवण आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती याच नाजूक बाळांसाठी. त्याचबरोबर आईने, किंवा वडिलांनीही, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची कांगारू पद्धत आहे. ती रुग्णालयात शिकून घ्यावी.

तपासणीत आजार निघाला तर घाबरून जाऊ नये. सौम्य आजार पुष्कळदा आपोआप बरा होतो. त्यासाठी मात्र आठवड्याने किंवा पंधरवड्याने पुन्हा तपासावे लागते, आणि वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या असे डॉक्टर सांगेपर्यंत हे चालू ठेवावे लागते. 'एकदा दाखवले, झाले' असे म्हणून चालत नाही. आजार वाढत असेल तर लेसर किरणांचा उपचार किंवा डोळ्यात इंजेक्शन देतात. तो निर्णय झाल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत उपचार व्हावे लागतात. 'शेतीचे काम उरकून पुढच्या आठवड्यात येतो' असे सांगण्याची ती वेळ नव्हे. पुढेही अशा मुलांना चष्मा लागणे, तिरळेपणा येणे असे होऊ शकते, म्हणून वर्षातून एकदा डोळे दाखवत राहावे.

रुग्णालयाची जबाबदारीही कमी नाही. १९९६ साली चेन्नईच्या एका शासकीय रुग्णालयात एकोणतिसाव्या आठवड्यात १२५० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली. तिला प्राणवायूवर ठेवले होते, पण डोळे तपासले नाहीत आणि आईबापांनाही धोका सांगितला नाही. मुलगी आंधळी झाली. तिचे वडील जवळजवळ दोन दशके न्यायासाठी झगडले. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती शरद बोबडे आपल्या नागपूरचे, पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. मोठी रक्कम मिळाली, पण त्या मुलीची दृष्टी परत आली नाही. आपल्याला भरपाई नको, वेळेवर तपासणी हवी.

आपले फुलंब्री जळगाव रस्त्यावर आहे आणि छत्रपती संभाजीनगर शहर हाकेच्या अंतरावर. १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला आपण सारे घाटी म्हणतो, ते तेथेच आहे. बाळ घाटीत असो वा खाजगी दवाखान्यात, घरी सोडण्याच्या दिवशी एकच प्रश्न विचारावा, 'याच्या डोळ्यांची आर.ओ.पी. तपासणी झाली का? झाली नसेल तर कोठे आणि कोणत्या तारखेला?' उत्तर मराठीत लिहून घ्यावे. खर्चाची चिंता असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि जाण्यायेण्याची मोफत सोय आहे. आशाताई बाळाच्या भेटीला ज्या ठरावीक दिवशी घरी येतात, त्यांत अठ्ठाविसावा दिवस आहे. त्या दिवशी त्यांना कागद दाखवावा. हातात दोन दिवस असतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम सांगतो. आपल्या अनेक घरांत इंग्रजी वाचू शकणारे एकमेव माणूस म्हणजे नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी. तुमच्या घरी, मोहल्ल्यात, शेजारच्या वाडीवर पेटीतून घरी आलेले बाळ असेल, तर त्याचा कागद मागून घ्या आणि वाचा. तो कोणत्या जातीच्या, कोणत्या धर्माच्या घरातला आहे, हे पाहू नका. जन्मतारीख पाहा, वजन पाहा, तीस दिवस मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी डोळा आणि प्रकाश यांवर थोर ग्रंथ लिहिला, याचा आपण अभिमान बाळगतो. त्या वारशाला शोभेल असे हे छोटे काम आहे. शिक्षणाचा उपयोग परीक्षेपुरता नसतो, तो असा शेजाऱ्याच्या दारात दिसावा.

शेवटी, ज्या मुलांची दृष्टी गेली आहे त्यांच्याविषयी. त्यांना घरात कोंडून ठेवू नका. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम दृष्टिहीन होते, आणि पैगंबरसाहेबांनी त्यांना मदीनेत अजान देण्याचा मान दिला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मी सांगितलेल्या त्या मुलाचे नाव आमच्या हजेरीपटावर लागले. पाढे तो वर्गात सर्वांच्या आधी म्हणतो. परंतु त्याचा कागद वेळेवर वाचला गेला असता, तर कदाचित आज तो फळ्यावरचे अक्षरही वाचत असता. पुढच्या बाळाचा कागद न वाचता राहू नये, एवढीच आपणा सर्वांना माझी विनंती आहे.